शंभर वार की हजार? काडतुसाच्या परीक्षेतल्या अंतराचा इतिहास



दारूगोळ्यावरच्या मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला. प्रश्न दोन ओळींचा होता, पण त्याने आम्हाला बरेच दिवस पुस्तकांत बसवलं. त्यांनी लिहिलं होतं, "परदेशातले नेमबाज स्वतःची काडतुसं स्वतः भरतात असं तुम्ही सांगितलंत. मग भरलेलं काडतूस चांगलं की वाईट, हे ते किती अंतरावरून ठरवतात? आणि तेच अंतर का?"

सुरुवातीला वाटलं, यात इतिहास कसला? शंभर यार्डांवर कागद लावायचा, पाच गोळ्या झाडायच्या, भोकं जवळजवळ पडली की झालं. पण हळूहळू लक्षात आलं की याच प्रश्नावर गेली पावणेदोनशे वर्षं शहाणीसुरती माणसं भांडत आली आहेत. त्या भांडणात एका सरकारने बरेच पैसे घातले, एका डॉक्टराने अर्धं आयुष्य घातलं, आणि कितीतरी हौशी लोकांनी चांगल्या नळ्या झिजवून टाकल्या. आज त्याबद्दलच बोलू.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करू. आपल्याकडे काडतूस तयार करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. त्यामुळे अमेरिकेत जसं घराघरांतल्या गॅरेजमध्ये हे चालतं तसं इथे चालत नाही. आमच्यापैकी कोणीही काडतूस भरलेलं नाही. आम्ही कागदांवरचे लोक. दुसरी गोष्ट मापाची. या सगळ्या इतिहासात अंतर यार्डांत येतं. यार्ड म्हणजे आपला वारच, नऊवारीतला. तीन फूट. तेव्हा शंभर यार्ड म्हणजे नऊवारी अकरा साड्या एकापुढे एक अंथरल्या तर जेवढं होईल तेवढं, वर एक वार उरेल.

आता काडतूस. त्याचे भाग चार: पितळेची केस, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी गोळी. गोळी उडाली की पितळ उरतं. ते पितळ पुन्हा मापात आणायचं, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, नवी गोळी बसवायची. दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मं. त्या ग्रेनचेही दशांश मोजतात. एवढा खटाटोप कशासाठी? कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन रायफलींना तेच काडतूस सारखं मानवत नाही. म्हणून हौशी माणूस दारू थोडी थोडी बदलून पाहतो (पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या आत, कारण दारूबरोबर दाबही वाढतो) आणि आपल्या नळीला कुठलं माप रुचतं ते शोधतो. शोधायचं म्हणजे कागदावर झाडून पाहायचं. मग प्रश्न येतोच: कागद लावायचा कुठे?

यात मेख अशी आहे की गोळी चुकते ती एकाच कारणाने नाही, आणि प्रत्येक कारण अंतराबरोबर वेगळ्या चालीने वाढतं. नळीचं तोंड किंचित वेगळ्या दिशेला असताना गोळी सुटली तर ती चूक कोनाची. कोनाची चूक अंतराच्या प्रमाणात वाढते. दुप्पट अंतरावर दुप्पट. गोळीचा वेग कमीजास्त झाला तर ती चूक वेळेची. हळू गोळी जास्त वेळ हवेत राहते, म्हणून जास्त खाली येते, आणि हे खाली येणं वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढतं. तिसरा वारा. तोही साधारण तसाच, अंतर तिप्पट झालं की नऊपट.

थोडी आकडेमोड करू. गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली असं धरा. शंभर यार्ड जायला तिला एक अष्टमांश सेकंदाहूनही थोडा कमी वेळ लागतो. तेवढ्यात ती नळीच्या रेषेखाली सुमारे ७ सेंटीमीटर येते. आता एखाद्या काडतुसात दारू जरा वेगळी जळली आणि वेग एक टक्क्याने, म्हणजे ८ मीटरने, घटला. खाली येणं दोन टक्क्यांनी वाढेल. सातचे दोन टक्के म्हणजे दीड मिलिमीटरही नाही. गोळीचं भोकच जवळजवळ ८ मिलिमीटरचं असतं. त्यात हा फरक कोणाला दिसणार? पण तीच गोळी हजार यार्डांवर पाठवा. तिथे ती १० मीटरहून जास्त खाली आलेली असते, आणि तोच एक टक्का वीतभर, किंबहुना थोडं जास्तच अंतर पाडतो. शंभर यार्डांवर उत्तम ठरलेलं काडतूस हजारावर तोंडघशी पडतं ते यामुळे.

मग सरळ हजारावरच का तपासू नये? कारण तिथे वारा बसलेला असतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा शंभर यार्डांवर गोळीला दोनेक सेंटीमीटर सरकवतो, तीनशेवर १८-२०, आणि हजारावर दोन मीटरच्याही पुढे. मधल्या झाडाचं पान हललं तरी तुमची परीक्षा बिघडते. जवळून पाहावं तर रोग दिसत नाही, लांबून पाहावं तर इतके रोग दिसतात की नेमका कुठला ते कळत नाही. या कोंडीतून माणसांनी वाटा कशा काढल्या, तो हा इतिहास.

पहिली वाट काढली मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी. यंत्रकामातला हा मोठा माणूस. स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवणारे तेच. क्रिमियाच्या युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारला एन्फिल्ड रायफली झपाट्याने हव्या होत्या, म्हणून ती बनवायची यंत्रं व्हिटवर्थ यांच्याकडून करून घ्यावीत असा विचार झाला. व्हिटवर्थ म्हणाले, यंत्रं नंतर. आधी मला कळू द्या की चांगली रायफल चांगली का असते. त्यासाठी त्यांना वारा नसलेली जागा हवी होती. सरकारी खर्चाने रशोम इथे त्यांच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी उभी राहिली. ती उभी राहते न राहते तोच वादळाने पाडली. पुन्हा बांधली, आणि १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले.

त्या गॅलरीत त्यांनी जे केलं ते आम्हाला या सगळ्या गोष्टीत सर्वांत हुशारीचं वाटतं. गोळीच्या वाटेवर ठरावीक अंतरावर त्यांनी पातळ टिश्यू पेपरचे पडदे टांगले. गोळी पडदे भेदत जायची आणि प्रत्येक पडद्यावर सही ठेवून जायची. म्हणजे "कुठल्या अंतरावर तपासू?" हा प्रश्नच त्यांनी मोडीत काढला. एकाच गोळीची सगळ्या अंतरांवरची हजेरी. गोळी डुलते कुठे, वळते कुठे, सगळं कागदावर. त्यातून त्यांची रायफल घडली: ०.४५१ इंच व्यासाची, षट्कोनी पोकळीची नळी, आणि २० इंचांत एक पूर्ण वेढा. एन्फिल्डच्या नळीत एका वेढ्याला ७८ इंच लागायचे.

१८५७ च्या एप्रिलमध्ये हाइथच्या मस्केट्री स्कूलमध्ये दोघींची गाठ पडली. तारीख लक्षात घ्या. मार्चअखेरीस इकडे बराकपूरला मंगल पांडेचं प्रकरण झालेलं, मेमध्ये मेरठ पेटणार. आणि मुळाशी त्याच एन्फिल्डचं काडतूस. इथला शिपाई ते काडतूस दातांनी फोडावं की नाही या पेचात होता, आणि तिकडे इंग्लंडात तीच रायफल किती लांबून किती नेमकी लागते ते मोजत होते. गोळ्या मध्यापासून सरासरी किती दूर पडल्या, हे त्यांचं माप. ५०० यार्डांवर एन्फिल्डचं माप सव्वादोन फुटांच्या आसपास आलं, व्हिटवर्थचं अर्ध्या फुटाच्याही आत. १४०० यार्डांवर तर एन्फिल्डला लक्ष्य सापडेचना. व्हिटवर्थ तिथेही मोजण्याजोगी होती.

मग व्हिटवर्थ जिंकले? नाही. सैन्याने ती रायफल घेतलीच नाही. नळी अरुंद, त्यामुळे दारूची काजळी लवकर साचायची आणि भरणं जड जायचं. शिवाय किंमत एन्फिल्डच्या कितीतरी पट. त्या मंडळींवर दगडबुद्धीचा आरोप करणारे बरेच लेखक आहेत. आम्हाला तसं वाटत नाही. काजळीने अडकलेली रायफल घेऊन रांगेत उभ्या असलेल्या शिपायाला १४०० यार्डांचा विक्रम काय कामाचा? त्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता. पण लांब अंतराचा हिशेब खोटा नव्हता, हे अमेरिकेच्या यादवी युद्धात दिसलं. दक्षिणेच्या निवडक नेमबाजांकडे थोड्या व्हिटवर्थ पोचल्या होत्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनियाला उत्तरेचे जनरल जॉन सेजविक आपल्या वाकणाऱ्या सैनिकांना हसून धीर देत होते: इतक्या लांबून त्यांना हत्तीसुद्धा मारता येणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी. थोड्याच वेळात डोळ्याखाली गोळी लागून ते पडले. ती व्हिटवर्थची असावी असं मानलं जातं.

युद्ध संपलं तशी अमेरिकेत नेमबाजी मैदानी खेळ म्हणून वाढली, आणि खेळाबरोबर अंतरं ठरून गेली. जुन्या लोकांचं अंतर ४० रॉड होतं, म्हणजे २२० यार्ड. जर्मन वंशाच्या लोकांनी त्यांची शुट्झेन मंडळं आणली, त्यांचं अंतर २०० यार्ड. हे अंतर कोणा शास्त्रज्ञाने ठरवलेलं नव्हतं. आमचा अंदाज असा की शहराबाहेरच्या बागेत मावेल, दुर्बिणीतून भोक दिसेल आणि वाऱ्याची परीक्षाही होईल, एवढं ते होतं, म्हणून टिकलं. एकदा टिकलं की त्याच अंतरावर सगळी कसोटी. चार्ल्स रोलंड यांनी १९०१ मध्ये टेकवलेल्या रायफलीने २०० यार्डांवर सलग १० गोळ्या पाऊण इंचाहून कमी जागेत बसवल्या. नळी हॅरी पोप यांची, काडतूस हाताने भरलेलं. तो कागद पुढे कित्येक दशकं लोकांच्या तोंडी होता.

लांबचं अंतर अमेरिकेत जवळजवळ एका आव्हानामुळे आलं. आयर्लंडच्या संघाने अमेरिकनांना ८००, ९०० आणि १००० यार्डांवर खेळायला बोलावलं. न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरचं मैदान १८७३ मध्ये नुकतंच सुरू झालं होतं. तिथे हजार यार्डांची सवय कोणाला नव्हती. रेमिंग्टन आणि शार्प्स या कारखान्यांनी काही महिन्यांत खास रायफली केल्या. २६ सप्टेंबर १८७४ ला सामना झाला. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. तीन गुणांचा फरक! आणि त्यात एका आयरिश खेळाडूची अप्रतिम गोळी शेजारच्याच लक्ष्याच्या मध्यावर लागली होती, गुण शून्य. या सामन्यातून आमच्या विषयाला मिळतं ते एवढंच की ज्याला हजारावर खेळायचंय त्याला शेवटी हजारावर जावंच लागतं. शंभरावर तयार केलेला भरणा तिथे उसना चालत नाही.

पण हे का, याचा नीट तपास करणारा माणूस पुढच्या पिढीत निघाला. मॅसॅच्युसेट्समधल्या मिल्फर्डचे डॉ. फ्रँकलिन मॅन. शिक्षणाने वैद्य, पण पैसा मिळवला तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं बारीक करायचं यंत्र विकून. ते यंत्र चांगलं खपलं आणि डॉक्टरांना आयुष्यभर बंदुका झाडायची मोकळीक मिळाली. (संशोधनाला अनुदान मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी हा मार्ग ध्यानात ठेवायला हरकत नाही.) त्यांनी घराजवळ शंभर यार्डांची रेंज केली, वारा लागू नये म्हणून कापडाने आच्छादली, आणि रायफल धरायला काँक्रीटचा असा भक्कम ठोकळा बांधला की त्याचं नाव 'शूटिंग जिब्राल्टर' ठेवलं. १९०९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं.

व्हिटवर्थसारखेच मॅन यांनीही कागदाचे पडदे लावले. त्यांनी गोळ्यांची बुडं मुद्दाम कापली, एका बाजूला छिद्रं पाडली, त्यांचा तोल बिघडवला आणि मग त्या कुठून कुठे जातात ते पडद्यापडद्यावर पाहिलं. गोळी नळीतून सुटतानाच जे काही वाकडं घेते ते पुढे तिचा पाठलाग करतं, हे त्यांनी शंभर यार्डांत दाखवलं. इथे शंभर यार्डच योग्य होते, कारण त्यांना पाहायची होती कोनाची चूक, आणि ती पाहायला वेळेची आणि वाऱ्याची भेसळ नको होती.

आता आमच्या मते या विषयातला सर्वांत चक्रावणारा भाग. ब्रिटिश फौजेची ली-एन्फिल्ड रायफल आपल्याकडेही ओळखीची. ईशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनली, आणि आपल्या पोलीस ठाण्यांत तिची '३०३' अगदी परवापर्यंत दिसायची. या रायफलीबद्दल निशाणेबाजांची एक जुनी तक्रार होती: जवळच्या अंतरावर ही गोळ्या उभ्या ओळीत पसरते. आणि एक जुनं कौतुकही: हजार यार्डांवर हिच्यासारखी हीच. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

गोळी सुटताना नळी स्थिर नसते. बांबूची लांब काठी एका टोकाला धरून झटका दिला की दुसरं टोक जसं वरखाली होतं, तशी ती हलते. ली-एन्फिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे धक्क्याने तिचं शरीर जास्त लवतं आणि नळी उभ्या दिशेत डोलते. ए. मॅलक यांनी १९०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे नळीच्या या कंपनांचं गणित मांडलं. आता समजा, नळीचं तोंड वर चढत असताना गोळ्या बाहेर पडतात. वेगवान गोळी लवकर पोचते, तोंड अजून खाली असतं. हळू गोळी उशिरा पोचते, तोपर्यंत तोंड किंचित वर गेलेलं. म्हणजे हळू गोळीला जास्त उंच कोन मिळतो. वाटेत ती जास्त खाली येणार, पण सुरुवातीलाच तिला उचलून दिलेलं. एका विशिष्ट अंतरावर दोघींच्या वाटा एकमेकींना छेदतात आणि गोळ्या एकत्र पडतात. इंग्रज नेमबाज याला कॉम्पेन्सेशन म्हणतात. आपण भरपाई म्हणू.

ली-एन्फिल्डमध्ये ही भरपाई लांब अंतरावर जमून यायची. १९६० च्या दशकात बिस्लीच्या स्पर्धांत ७.६२ मिलिमीटरच्या नळ्या आल्या, तेव्हाही बऱ्याच जणांची पसंती अशी होती की कमी अंतराला माउझर पद्धतीच्या रायफली, आणि ९००-१००० ला जुन्या ली-एन्फिल्डवर चढवलेली नवी नळी.

याचा अर्थ काय होतो बघा. अशा रायफलीसाठी तुम्ही शंभर यार्डांवर भरणा निवडलात, तर हळू गोळ्या वर आणि वेगवान खाली पडलेल्या दिसतील. कागद बघून तुम्ही म्हणाल, वाईट, आणि तो भरणा टाकून द्याल. तोच हजारावर उत्तम निघाला असता. उलट शंभरावर सगळ्यांत घट्ट बसलेला भरणा म्हणजे ज्याच्यात भरपाई मुळीच नाही असा असू शकतो. शंभर यार्डांच्या कागदावर ही गोष्ट लिहिलेली असते, पण उलट्या अक्षरांत.

यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोडगा काढला तो व्हरमाँटचे स्पर्धक नेमबाज क्रेटन ऑडेट यांनी. त्यांची पद्धत 'शिडी' नावाने प्रसिद्ध आहे. वीसेक काडतुसं घ्या. प्रत्येकात दारू आधीच्यापेक्षा अगदी थोडी जास्त. सगळी एकाच खुणेवर नेम धरून, २०० किंवा ३०० यार्डांवर झाडा, आणि कुठली गोळी कुठे पडली ते लिहीत जा. दारू वाढेल तशा गोळ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या वर चढायला हव्यात. पण मधेच कुठेतरी तीन-चार गोळ्या एकाच उंचीवर थबकतात. तिथे दारू थोडी इकडेतिकडे झाली तरी नळी ते पोटात घालते. तो भरणा धरायचा.

अंतर २००-३०० का, याचं उत्तर आपण मघाशी केलेल्या आकडेमोडीत आहे. पायऱ्या एकमेकींपासून सुट्या दिसायला हव्यात. शंभरावर त्या एकमेकींवर चढून बसतात. त्याहून फार लांब गेलात तर वारा. पण वारा मुख्यतः आडवा ढकलतो आणि शिडी वाचायची उभी. तेव्हा आडव्याकडे काणाडोळा करता येतो. आम्हाला ही युक्ती फार आवडली. वाऱ्यापासून सुटका नाही, मग ज्या दिशेला त्याची सत्ता नाही तिकडे बघा.

मात्र इथे एक काटा आहे आणि तो बऱ्याच जणांना टोचलेला आहे. साधारण चांगली रायफल तीनशे यार्डांवर नुसत्या स्वतःच्या स्वभावानेच ८ सेंटीमीटरच्या वर्तुळात गोळ्या टाकते. एक टक्का वेगाचा फरक तिथे दीड सेंटीमीटरचा. म्हणजे शोधायची गोष्ट दीडची आणि गोंगाट आठचा. अशा कागदावर तीन गोळ्या एका उंचीवर दिसल्या तर ती नळीची पसंती की निव्वळ योगायोग? एकाच प्रकारची काडतुसं एकाच रायफलीतून पाच-पाच झाडली, तरी एक गट दुसऱ्याच्या दीडपट सहज येतो. काहीही बदललेलं नसताना! माणूस मात्र त्यातल्या लहान गटाचा फोटो काढतो, आकडा वहीत लिहितो, आणि पुढच्या आठवड्यात तोच भरणा फसला की हवामानाला दोष देतो. मग पुन्हा दारू, पुन्हा गोळ्या. जास्त जोराच्या काडतुसांची नळी काही हजार गोळ्यांत उतरणीला लागते, आणि तिचं निम्मं आयुष्य या शोधातच जातं.

ज्याची रायफल चांगली त्याला जवळूनही बरंच दिसतं, आणि ज्याची रायफल सामान्य त्याला लांब जाऊनच वेगाचा दोष ओळखू येतो, हे त्या आकड्यांतून निघतं. म्हणूनच "अमक्या अंतरावरच तपासा" असं छातीठोक सांगणाऱ्यांचं एकमेकांशी पटत नाही. डॅन न्यूबेरी यांची पद्धत शंभर यार्डांची आहे. त्यात वेगवेगळ्या भरण्यांसाठी वेगवेगळी लक्ष्यं लावतात आणि पाळीपाळीने एकेक गोळी प्रत्येकावर टाकतात, म्हणजे नळी तापणं, डोळा थकणं, वारा फिरणं हे सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं. मग गट किती लहान ते न बघता लागोपाठचे भरणे एकाच जागी मध्य धरतात का ते बघतात. ऑडेट तीनशेवर जे शोधत होते तेच हे शंभरावर शोधणं आहे, वारा टाळून. ह्यूस्टनच्या एका गोदामात तर काही बेंचरेस्ट नेमबाज १९८० च्या आसपास रात्री जमायचे आणि छपराखाली, वाऱ्याच्या झुळकेशिवाय, शंभर यार्डांवर रायफली तपासायचे. व्हिटवर्थ यांच्या गॅलरीनंतर सव्वाशे वर्षांनी पुन्हा बंदिस्त जागा.

लांबचं पारडं मात्र एका यंत्राने हलकं केलं. वेगच पाहायचा असेल तर हजार यार्ड कशाला जायचं? नळीपुढे वेगमापक ठेवा. बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्येच टांगलेल्या जड लाकडी लंबकात गोळी मारून, लंबक किती मागे गेला त्यावरून वेग काढला होता. पुढे १८६० च्या दशकात बेल्जियमच्या ल बूलांजे यांचं विजेवर चालणारं यंत्र आलं आणि शंभर वर्षं सरकारी प्रयोगशाळांत राहिलं. १९७० च्या दशकापासून ते हौशी माणसाच्या खिशाला परवडेल इतकं स्वस्त झालं. आता शंभरावर कोन पाहता येतो आणि त्याच गोळीचा वेगही. दोन्ही आकडे जोडून हजारावर काय होईल त्याचा अंदाज बांधता येतो. फक्त भरपाई तेवढी या हिशेबात येत नाही. ती कागदावरच दिसते.

अजून एक समज राहिला. बरेच अनुभवी लोक सांगतात की त्यांची रायफल शंभरावर पसरते, पण तीनशेवर कोनाच्या हिशेबाने घट्ट होते. गोळी आधी डुलते आणि पुढे 'झोपते', म्हणजे स्थिरावते. उभ्या पसरण्याचा काही भाग भरपाईने आवळला जाऊ शकतो, ते आपण पाहिलं. पण सगळ्या बाजूंनी फाकलेल्या गोळ्या पुढे आपोआप एकत्र कशा येणार? त्यांना परत कोण बोलावतं? अमेरिकन बॅलिस्टिक्सतज्ज्ञ ब्रायन लिट्झ यांनी याची तपासणी केली ती जुन्याच वाटेने: एकच गोळी शंभर यार्डांवरच्या लक्ष्यातून जाऊ द्यायची आणि पुढे तीनशेवर पुन्हा टिपायची. असा आकसणारा गट त्यांना दाखवता आला नाही, आणि ज्यांच्याकडे तशी रायफल असेल त्यांनी ती घेऊन यावं असं त्यांनी जाहीर बोलावणंही केलं.

आता त्या श्रोत्यांनी प्रश्नाच्या शेवटी विचारलं होतं की आपल्या खेळाडूंचं काय. २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत किंवा २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्निल कुसळे, यांचा प्रकार ५० मीटरचा, आणि काडतूस .२२ चं. त्याच्या टोपीचा मसाला केसच्या कडेतच भरलेला असतो, म्हणून ते हाताने पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे त्या खेळात भरणा शोधत नाहीत, लॉट शोधतात. एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या दिवशीच्या उत्पादनातून आपल्या नळीला मानवणारा लॉट निवडायचा आणि तोच साठा घ्यायचा. स्पर्धेचं अंतर नियमानेच ठरलेलं, तेव्हा चाचणीही ५० मीटरवर, वाद नाही. तरी परदेशातल्या काही चाचणी केंद्रांमध्ये ५० मीटरच्या चौकटीतून गेलेली गोळी तशीच पुढे जाते आणि १०० मीटरवर दुसऱ्यांदा मोजली जाते. चौकटी इलेक्ट्रॉनिक आहेत. गोळीच्या आवाजावरून जागा टिपतात, कागद फाटत नाही. रशोमच्या गॅलरीत टिश्यू पेपरचे पडदे मात्र प्रत्येक फेरीनंतर बदलावे लागत असणार.

प्रश्न असतील तर घेऊ.